विझलेल्या आगीचे पाणी

कारखान्याच्या अग्निसुरक्षेची आखणी करताना पाण्याचा हिशेब अतिशय काटेकोरपणे मांडला जातो. टाकीत किती साठा असावा, पंपाने दर मिनिटाला किती लिटर पाणी फेकावे, वीज गेल्यास डिझेलवर चालणारा राखीव पंप कोणता, दोन हायड्रंटमध्ये किती अंतर असावे, या प्रत्येक गोष्टीचे मानक ठरलेले असते आणि तपासणीला येणारा अधिकारी त्यावर एकेक खूण करत जातो. मात्र पाणी नळीच्या तोंडातून बाहेर पडले की हा हिशेब बहुधा तिथेच संपतो. भारतातील तेलसाठ्यांसाठीच्या मानकांत पंप पूर्ण क्षमतेने चालले तरी ४ तास पुरेल इतके पाणी राखून ठेवावे अशी अपेक्षा असते. एखाद्या मध्यम कारखान्यात मिनिटाला ४,५०० लिटर पाणी मारले जाते असे धरले, तर ४ तासांत १० लाख ८० हजार लिटर पाणी आवारात ओतले जाईल, म्हणजे १० हजार लिटरचे १०८ टँकर त्या अंगणात रिकामे केले जातील. त्यातले जे वाफ होऊन जाणार नाही ते उताराच्या दिशेने वाहील, आणि उतार कुठे जातो याचे उत्तर बहुतेक आवारांत एकच असते: पावसाळी गटारात, तिथून नाल्यात आणि नाल्यातून नदीत किंवा खाडीत.

पाणी आग विझवते ते प्रामुख्याने उष्णता शोषून. २० अंश सेल्सिअस तापमानाचे एक लिटर पाणी पूर्ण वाफ होईपर्यंत सुमारे २,६०० किलोज्यूल उष्णता ओढून घेते, आणि ही क्षमता पूर्णपणे वापरता आली असती तर मोठ्या आगींनाही पुष्कळ कमी पाणी पुरले असते. प्रत्यक्षात पाण्याचा प्रवाह दुरून आणि आंधळेपणाने मारावा लागतो. छत कोसळलेले असते, जळणारा माल पत्र्यांच्या आणि राखेच्या थराखाली दडलेला असतो, आणि पाण्याचा मोठा भाग ज्वाळांपर्यंत पोहोचण्याआधीच भिंतींवरून ओघळून जातो. शिवाय शेजारच्या टाक्या तापून फुटू नयेत म्हणून त्यांच्यावर तासन्‌तास जे पाणी सोडले जाते, ते जवळपास सगळेच्या सगळे खाली येते. हे थंडाव्याचे पाणी स्वतः फारसे मलिन नसते, पण आवाराला एकच गटार असले की ते गोदामातून आलेल्या पाण्यात मिसळते आणि मग त्या सगळ्याच पाण्याला दूषित मानावे लागते. स्वच्छ आणि मलिन पाण्याच्या वाटा वेगळ्या ठेवणे हा या विषयातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, पण तो बांधकामाच्या वेळीच करावा लागतो. आग लागलेल्या रात्री तो सुचून उपयोग नसतो.

गोदामातून बाहेर येणाऱ्या या पाण्यात काय असते, हे तिथे काय साठवले होते यावर आणि त्याचे जळताना काय झाले यावर अवलंबून असते. जे जळले नाही ते विरघळून, गाळ होऊन किंवा पाण्यात बारीक थेंबांच्या रूपाने तरंगत बाहेर पडते; कीटकनाशकांच्या मिश्रणांत ते पाण्यात सहज मिसळावे म्हणून पायसकारी द्रव्ये मुद्दाम घातलेली असतात, त्यामुळे शेतकऱ्याच्या सोयीसाठी केलेली ही योजना आगीच्या वेळी नदीच्या मुळावर उठते. जे जळले त्याचेही अवशेष उरतात. पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो आणि तो पाण्यात विरघळून पाणी आम्लधर्मी होते. अर्धवट जळलेल्या सेंद्रिय पदार्थांतून अशी संयुगे निर्माण होतात जी गोदामाच्या साठानोंदीत कधीच नव्हती. म्हणूनच केवळ मालाची यादी पाहून पाण्यातले विष ओळखता येत नाही. यादीत निरुपद्रवी वाटणारे पदार्थही प्रवाहात गेल्यावर घातक ठरू शकतात, कारण साखर, दूध किंवा मद्यार्क मोठ्या प्रमाणात नदीत उतरला की तो कुजवणारे जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात आणि मासे विषाने नव्हे तर गुदमरून मरतात.

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधणारी घटना स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ श्वाइत्सरहाले या औद्योगिक भागात घडली. १ नोव्हेंबर १९८६ रोजी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सँडोझ कंपनीच्या ९५६ क्रमांकाच्या गोदामाला आग लागली. ठाण्याच्या कोलशेत भागात या कंपनीचा कारखाना अनेक वर्षे होता आणि सँडोझबाग हे नाव तिथे अजून टिकून आहे, त्यामुळे महाराष्ट्राला हे नाव अपरिचित नाही. मूळचे यंत्रसामग्री ठेवण्यासाठी बांधलेले श्वाइत्सरहालेचे हे गोदाम पुढे रसायनांसाठी वापरात आले होते आणि त्या रात्री तिथे सुमारे १,३५० टन माल होता. त्यात डायसल्फोटॉन आणि थायोमेटॉन यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके प्रमुख होती, पाऱ्याची संयुगे होती आणि ऱ्होडामाइन नावाचा लाल रंगही होता. प्रशियन ब्लू या रंगद्रव्याच्या पोत्यांच्या चळतींवर प्लास्टिकचे वेष्टण ज्योतीच्या उष्णतेने आवळून बसवले जात असे. ते करताना एखादी चळत आतल्या आत धुमसू लागली असावी, हे आगीचे सर्वांत संभाव्य कारण तपासात पुढे आले.

अग्निशमन दलाने आपले काम चोख केले, असेच म्हणावे लागेल. आग शेजारच्या गोदामांत पसरली नाही आणि पहाटेपर्यंत ती आटोक्यात आली. बाझलकरांना भोंगे वाजवून घराबाहेर न पडण्याची सूचना देण्यात आली होती, ती सकाळी मागे घेता आली. आग विझवण्यासाठी वापरलेले १० ते १५ हजार घनमीटर पाणी मात्र अडवायला तिथे कोणतीही जागा नव्हती. घनमीटर म्हणजे हजार लिटर. तेव्हा हा आकडा एक ते दीड कोटी लिटरचा होतो. हे पाणी पावसाळी गटारांतून थेट ऱ्हाइन नदीत गेले आणि ऱ्होडामाइनमुळे नदी लाल झाली. या लाल रंगाचा उल्लेख प्रत्येक वृत्तांतात येतो, पण सगळ्यात मोठा घात त्याने केला नव्हता. रंगहीन राहिलेल्या कीटकनाशकांनी केला. त्यांचा नदीत गेलेला साठा गोदामातल्या मालाच्या मानाने अल्प, काही टक्क्यांपेक्षा अधिक नव्हता, तरी तळाशी राहणाऱ्या ईल माशांचा सुमारे ४०० किलोमीटरच्या पट्ट्यात संहार झाला आणि मेलेल्या ईलची संख्या सुमारे दीड लाख असल्याचा अंदाज केला गेला. विषारी पाण्याचा हा लोंढा जर्मनी आणि फ्रान्सच्या सीमेवरून खाली सरकत नेदरलँड्सपर्यंत गेला आणि वाटेतल्या जलपुरवठा केंद्रांना नदीतून पाणी उचलणे थांबवावे लागले. खालच्या देशांना अधिकृत इशारा वेळेवर मिळाला नाही, ही तक्रार पुढे बराच काळ गाजत राहिली.

या घटनेतला खरा बोचणारा तपशील आगीच्या आधीचा आहे. १९८१ मध्येच एका विमा कंपनीच्या पाहणीत या गोदामातील अग्निसुरक्षेवर बोट ठेवले गेले होते आणि आग विझवण्याचे पाणी ऱ्हाइनमध्ये जाण्याचा धोका नोंदवला गेला होता. म्हणजे हा धोका कुणाच्या ध्यानीमनी नव्हता असे नाही. तो कागदावर होता, पण त्यासाठी लागणारी टाकी बांधली गेली नव्हती. पुढे कंपनीने श्वाइत्सरहाले येथे अशा पाण्यासाठी मोठ्या धारणटाक्या बांधल्या. स्वित्झर्लंडमध्ये १९९१ मध्ये मोठ्या अपघातांपासून संरक्षणाचा स्वतंत्र अध्यादेश आला, युरोपीय समुदायाने औद्योगिक अपघातांविषयीच्या आपल्या सेवेसो निर्देशाची व्याप्ती १९८८ मध्ये वाढवून केवळ साठवणूक करणाऱ्या ठिकाणांनाही त्यात अधिक काटेकोरपणे आणले, आणि ऱ्हाइनच्या काठावरील देशांनी १९८७ मध्ये नदीच्या पुनरुज्जीवनाचा कृती कार्यक्रम स्वीकारला. साल्मन मासा २००० सालापर्यंत नदीत परत यावा हे त्या कार्यक्रमाचे जाहीर उद्दिष्ट होते, आणि १९९० मध्येच ऱ्हाइनला मिळणाऱ्या झीग नदीत साल्मन दिसला. एका रात्रीच्या आगीने नदीचे जे नुकसान केले ते भयंकर होतेच, पण त्या रात्रीमुळे नदीत दररोज, परवानगीने आणि शांतपणे सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याकडेही सरकारांना पाहावे लागले. नदी सुधारली त्यात या दुसऱ्या गोष्टीचा वाटा कमी नाही.

श्वाइत्सरहालेनंतर सात महिन्यांच्या आत अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन शहरात याच प्रश्नाचे अगदी उलटे उत्तर दिले गेले. २७ मे १९८७ रोजी तिथल्या शेर्विन-विल्यम्स कंपनीच्या रंगांच्या गोदामाला आग लागली. आत १५ लाख गॅलनहून अधिक रंग आणि द्रावके होती. गोदाम शहराला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या भूजलाच्या थरावर उभे होते, आणि वर ओतलेले पाणी द्रावकांना घेऊन वाळू-गोट्यांच्या त्या थरात झिरपले असते तर विहिरी अनेक वर्षांसाठी निकामी होण्याचा संभव होता. तेव्हा अधिकाऱ्यांनी पाणी मारणे थांबवून गोदाम जळून जाऊ देण्याचा निर्णय घेतला. अशा नियंत्रित जळण्यात धुराचा भार हवेवर पडतो, पण आग तीव्र असली तर द्रावके बऱ्यापैकी पूर्ण जळतात, ज्वाळांच्या उष्णतेने धूर उंच जातो आणि विरळ होतो. उलट पाण्याने अर्धवट दाबलेली आग कमी तापमानाला धुमसते, तिचा धूर जमिनीलगत पसरतो आणि अधिक विषारी असतो. हा निर्णय अर्थातच सर्वत्र लागू पडत नाही. आत माणसे अडकली असतील, शेजारी वस्ती असेल किंवा वायूने भरलेल्या टाक्या असतील तर पाणी मारण्याला पर्याय उरत नाही. पण जिथे तो पर्याय असतो तिथे निर्णय घेणाऱ्या अग्निशमन अधिकाऱ्याला भूजल कुठे आहे, गटारे कुठे जातात आणि आत काय साठवले आहे हे आधीच ठाऊक असावे लागते. डेटनमध्ये भूजलाचे महत्त्व अधिकाऱ्यांना माहीत होते, म्हणूनच तो निर्णय वेळेत होऊ शकला.

आगीचे पाणी अडवण्याची शास्त्रीय मांडणी तीन वेढ्यांची असते. पहिला वेढा म्हणजे रसायन ज्यात आहे ती टाकी किंवा पिंप. दुसरा म्हणजे टाकीभोवतीचा काँक्रीटचा बांध, ज्याला भारतीय कारखान्यांत सर्रास डाइक म्हणतात. आणि तिसरा म्हणजे संपूर्ण आवाराची सीमा, जिथे कठडे, उताराची दिशा, गटारांवरील झडपा आणि धारणटाकी मिळून पाणी बाहेर जाण्यापासून रोखतात. आपल्याकडे आणि अन्यत्रही पहिल्या दोन वेढ्यांवर सारे लक्ष असते, तिसरा वेढा मात्र बहुधा रेखाचित्रातच राहतो. दुसऱ्या वेढ्याचा जुना आणि सर्वत्र उद्धृत होणारा नियम असा की, डाइकमध्ये सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव मावावा. वरचे १० टक्के पाऊस, फोम आणि लाटांसाठी. टाकी १,००० घनमीटरची असेल तर ही जादा जागा १०० घनमीटरची होते, आणि वर धरलेल्या मिनिटाला ४,५०० लिटरच्या वेगाने ती २२ मिनिटांत भरून जाते. टाकी फुटून सगळे तेल डाइकमध्ये आले आणि त्यावर अग्निशमनाचे पाणी पडू लागले, तर अर्ध्या तासाच्या आत हे मिश्रण भिंतीवरून वाहू लागणार. आणि तेल पाण्यावर तरंगत असल्यामुळे सर्वप्रथम जे वाहील ते जळते तेल असेल.

जर्मनीने श्वाइत्सरहालेनंतर १९९२ मध्ये अग्निशमनाचे पाणी अडवण्याविषयी स्वतंत्र मार्गदर्शक नियम केले आणि त्यांचा विचार टाकीपासून न सुरू करता गोदामाच्या विभागापासून सुरू केला. प्रत्येक रसायनाला पाण्याला असलेल्या धोक्याप्रमाणे १ ते ३ असा वर्ग दिला गेला, आणि सर्वांत घातक, म्हणजे ३ऱ्या वर्गातील १ टनापेक्षा अधिक माल, २ऱ्या वर्गातील १० टनांपेक्षा अधिक किंवा १ल्या वर्गातील १०० टनांपेक्षा अधिक माल एका ठिकाणी असेल तर पाणी अडवण्याची सोय बंधनकारक ठरली. टाकीचे आकारमान विभागाच्या क्षेत्रफळावर, साठवणुकीच्या पद्धतीवर आणि आग विझवण्याच्या व्यवस्थेवर ठरवले जाई. यातले शेवटचे कलम विशेष महत्त्वाचे आहे. ज्या गोदामात स्वयंचलित स्प्रिंकलर आहेत, म्हणजे छताखाली बसवलेल्या आणि ठरावीक तापमानाला आपोआप उघडणाऱ्या तोट्या आहेत, तिथे ज्वाळेच्या वरच्या मोजक्याच तोट्या उघडतात आणि आग लहान असतानाच दाबली जाते. त्यामुळे पाणी कमी लागते आणि धारणटाकीही लहान चालते. आगीचे विभाग लहान ठेवणे, अग्निरोधक भिंती घालणे, कीटकनाशके आणि ज्वालाग्राही द्रावके एका छताखाली न ठेवणे, ही सारी जलप्रदूषण रोखण्याचीच साधने आहेत, जरी ती अग्निसुरक्षेच्या प्रकरणात लिहिली जात असली तरी.

भिंत उभी आहे म्हणजे पाणी अडेल असेही नाही, हे इंग्लंडमधील बन्सफील्डच्या इंधनसाठ्यावर ११ डिसेंबर २००५ रोजी दिसून आले. एक टाकी काठोकाठ भरून वाहू लागली, पेट्रोलच्या वाफेचा ढग पसरला आणि प्रचंड स्फोटानंतर लागलेली आग काही दिवस धुमसत राहिली. ती विझवण्यासाठी ७ लाख ८६ हजार लिटर फोमचा संहत द्रव आणि ६ कोटी ८० लाख लिटर पाणी वापरले गेले. त्यातले दीड कोटी लिटर आधी मारलेले पाणीच गोळा करून पुन्हा वापरलेले होते, आणि हा पुनर्वापर नसता तर प्रदूषित पाणी तितकेच अधिक झाले असते. डाइकच्या भिंतींच्या काँक्रीटला मोठे तडे न जाताही त्या गळल्या, कारण दोन भिंतींच्या सांध्यात भरलेले लवचीक सीलंट आगीत जळून गेले, नळ्या जिथून भिंत भेदून जात होत्या तिथे वाटा उघडल्या आणि बांधकामाच्या वेळी साच्याच्या सळ्यांसाठी ठेवलेली भोकेही मोकळी झाली. तिथून निसटलेले इंधन, फोम आणि पाणी खालच्या चुनखडीच्या भूजलथरात उतरले. सांध्यात धातूची जलरोधक पट्टी बसवावी आणि तिला आगीपासून आडोसा द्यावा, नळ्या भिंतीतून न नेता शक्य तो वरून न्याव्यात, हे धडे किरकोळ वाटतात, पण बन्सफील्डचे भूजल नेमके अशा किरकोळ गोष्टींमुळेच दूषित झाले. अमेरिकेत टेक्सासमधील डीअर पार्क येथे मार्च २०१९ मध्ये टाक्यांची आग पेटल्यानंतर पाचव्या दिवशी डाइकच्या भिंतीचा भाग खचला आणि अडवून ठेवलेले तेल, फोम व पाणी ह्यूस्टनच्या जहाजमार्गात गेले. धारण करणारी भिंत किती वेळ तग धरेल, हा प्रश्न ती किती उंच आहे यापेक्षा कमी महत्त्वाचा नाही.

बन्सफील्डने फोमचाही प्रश्न ऐरणीवर आणला. तेलाच्या आगीवर निव्वळ पाणी चालत नाही, ते तेलाखाली जाते. म्हणून पाण्यात साबणासारखी द्रव्ये मिसळून फेसाचा थर पसरवावा लागतो आणि त्या थराने प्रवाही तेलाचा हवेशी संबंध तुटतो. अशा फोममध्ये दशकानुदशके फ्लोरीनयुक्त संयुगे वापरली गेली, कारण ती तेलावर अतिशय झपाट्याने पसरतात आणि उष्णतेत टिकतात. कार्बन आणि फ्लोरीनचा हा बंध इतका घट्ट असतो की जिवाणू, ऊन किंवा सामान्य प्रक्रिया त्याला तोडू शकत नाहीत. ही संयुगे भूजलात वर्षानुवर्षे राहतात आणि प्राण्यांच्या शरीरात साठतात. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओएस हे संयुग २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये आले. फ्लोरीनमुक्त फोम आता उपलब्ध आहेत, पण जुना साठा बदलताना पाइप आणि टाक्या धुवाव्या लागतात, आणि ते धुतलेले पाणीही पुन्हा जपूनच ठेवावे लागते. फ्लोरीन नसलेला फोमही नदीत सोडण्याजोगा नसतो, कारण तो कुजताना पाण्यातला प्राणवायू मोठ्या प्रमाणात खातो. कवायतीच्या दिवशी केवळ सरावासाठी फवारलेला फोम पावसाळी गटारात जाऊ देणे ही अनेक ठिकाणची सवय, खरे तर, मोठ्या आगीपेक्षा अधिक वारंवार होणारे प्रदूषण आहे.

अडवलेल्या पाण्याचे पुढे काय करायचे, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर घाईने देणे धोक्याचे असते. कारखान्याचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प जवळ आहे म्हणून सारे पाणी त्यात वळवले, तर त्यातले विष प्रक्रिया करणाऱ्या जिवाणूंनाच मारते आणि मग नेहमीचे सांडपाणीही काही आठवडे प्रक्रियेविना राहते. त्यामुळे आधी नमुने घेऊन पाण्याची आम्लता, त्यातील सेंद्रिय भार, जड धातू आणि जमल्यास लहान जलचरांवरील विषारीपणाची चाचणी करून पाहावी लागते. मग तेल वरून काढणे, आम्लता साधणे, गाळ बसवणे, सक्रिय कोळशातून पाणी गाळणे अशा टप्प्यांनी ते हळूहळू, थोडे थोडे प्रक्रिया प्रकल्पात सोडता येते. तळाशी बसलेला गाळ घातक कचरा ठरतो आणि महाराष्ट्रात त्याची वाट तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील घातक कचरा विल्हेवाट केंद्रांकडे जाते.

भारतातील कायद्याची चौकट या विषयासाठी अपुरी आहे असे म्हणता येणार नाही, ती फक्त विखुरलेली आहे. पर्यावरण संरक्षण अधिनियम १९ नोव्हेंबर १९८६ रोजी अमलात आला. भोपाळच्या दुर्घटनेमुळे तो झाला आणि योगायोगाने श्वाइत्सरहालेच्या आगीनंतर तो तीनच आठवड्यांत लागू झाला. त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांची निर्मिती, साठवणूक आणि आयात यांविषयीचे नियम आले, ज्यांत मोठ्या साठ्यांसाठी आवारातल्या आपत्कालीन योजनेची सक्ती आहे. पाण्यात मलिन द्रव सोडू नये हे १९७४ च्या जल प्रदूषण अधिनियमाने आधीच सांगितले होते. परंतु अग्निसुरक्षेची तपासणी एक खाते करते, सांडपाण्याची संमती दुसरे देते आणि डाइकची मानके तिसरीकडे ठरतात. आग विझवण्याचे पाणी या तिन्ही फायलींच्या मधल्या फटीतून निघून जाते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रश्नाला भूगोल आणि पाऊस यांची जोड आहे. राज्याच्या रासायनिक वसाहती पाण्याच्या सान्निध्यातच वसवल्या गेल्या: रसायनी पाताळगंगेच्या काठी, रोहा-धाटाव कुंडलिकेच्या, महाड सावित्रीच्या, लोटे-परशुराम वाशिष्ठीच्या खोऱ्यात, आणि डोंबिवली-अंबरनाथ उल्हास नदीच्या परिसरात. डोंबिवलीच्या वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी जीवितहानीचा प्रश्न ऐरणीवर आणला, आणि तो तसा येणे स्वाभाविक होते. अशा वेळी पाणी कुठे गेले हे विचारण्याइतकी उसंत कोणालाच नसते. कोकणात त्यातही अडचण अशी की जून ते सप्टेंबर या काळात धारणटाकी रिकामी राहतच नाही. एक हेक्टर पक्क्या आवारावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० घनमीटर पाणी जमते, म्हणजे जवळपास सुरुवातीला हिशेब केलेल्या ४ तासांच्या अग्निशमनाइतकेच, आणि असा पाऊस महाडला किंवा लोट्याला एका दिवसात पडणे अजिबात विरळा नाही. युरोपीय मानकांतली पावसाची तरतूद इथे जशीच्या तशी उचलली तर टाकी पावसानेच भरून जाईल आणि आगीच्या दिवशी तिचा काही उपयोग होणार नाही. यावर उपाय म्हणजे उघड्या आवाराचे पाणी छपराखालच्या आवारापासून वेगळे करणे, धोकादायक माल असलेले भाग छपराखाली आणणे आणि टाकी फक्त त्यांच्यासाठी ठेवणे. मग पावसाळ्यात टाकीत साचलेले थोडे पाणी तपासून वेळच्या वेळी काढून टाकता येते. झडपेचा नियमही ऋतूप्रमाणे बदलतो. कोरड्या महिन्यांत पावसाळी गटाराची झडप कायम बंद ठेवता येते, पण आषाढात ती बंद राहिली तर कारखान्यातच गुडघाभर पाणी तुंबते, म्हणून पहाऱ्यावरच्या माणसाने ती उघडून ठेवलेली असते. आग लागली की ती बंद करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची आणि ती झडप धुराच्या बाजूला आहे की विरुद्ध बाजूला, हे पाळीगणिक लिहून ठेवलेले असावे लागते.

छोट्या कारखान्यांपुढे मात्र जागेचाच प्रश्न आहे. अर्ध्या एकराच्या भूखंडावर रिॲक्टर, बॉयलर, गोदाम आणि गाड्यांची ये-जा बसवल्यावर हजार घनमीटरची टाकी बांधायला जागाच उरत नाही, आणि प्रत्येक मालकाने ती बांधावी अशी सक्ती केली तर ती कागदावरच राहील. वसाहतीतल्या सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्राची कल्पना याच अडचणीतून स्वीकारली गेली होती, आणि आगीच्या पाण्यासाठीही वसाहतीच्या पातळीवर सामायिक धारणतलाव बांधणे शक्य आहे. त्यासाठी भूखंडांची पावसाळी गटारे ज्या ठिकाणी नाल्याला मिळतात तिथे लोखंडी झडपा बसवून, आग लागताच तेवढ्याच उपनाल्याचे पाणी तलावाकडे वळवावे लागेल; तलाव साऱ्या वसाहतीसाठी पुरेसा मोठा असण्याची गरज नाही, कारण एका वेळी बहुधा एकाच भूखंडावर आग असते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या बाबतीत ही गोष्ट इतरत्र असते त्याहून सोपी आहे, कारण भूखंडाला पाणी देणारी वाहिनी, रस्त्याकडेची गटारे आणि वसाहतीतले अग्निशमन केंद्र या तिन्हींची जबाबदारी त्या एकाच संस्थेकडे आहे. अग्निशमन केंद्रात हायड्रंटचा नकाशा भिंतीवर लावलेला असतोच. त्याच नकाशावर दुसऱ्या रंगात प्रत्येक भूखंडाचे गटार, त्याचा उतार, नाल्याचे तोंड आणि झडपेची जागा दाखवायला महामंडळाच्या अभियांत्रिकी विभागाकडची विद्यमान आरेखने पुरेशी ठरतील.